पाठीवरच्या फुल्या

काझिसने शर्ट काढला आणि बटाटे किसता किसता ओनाचा हात थांबला.

त्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत तांबडे वळ उठले होते. एकाखाली एक फुल्या. ओना त्याच्याच कारखान्यात, खालच्या मजल्यावर, बायकांची कंबर दोऱ्यांनी आवळणारी कॉर्सेट शिवायची. दोरी आवळल्याची खूण तिला वेगळी सांगायला नको होती.

"कुणाची घातली होतीस?"

"काय?"

"कॉर्सेट. आणि आवळून कुणी दिली? इतकी घट्ट एकट्याला आवळता येत नाही."

तो शर्ट परत चढवायला लागला. तिने हिसकावून घेतला. हिवाळ्यात त्याला वरच्या मजल्यावर नेल्यापासून हा माणूस मुका झाला होता. वर दाराला कुलूप, जिन्याशी पहारा. खाली बायका हसायच्या, "वर मॉडेली येतात म्हणे, ओना. नवऱ्याला सांभाळ!"

"मारियामातेची शपथ घेऊन सांग. वर बाई आहे?"

"बाई कसली? दोन डॉक्टर आहेत. ओना, सही करून दिलीय मी. तोंड उघडलं तर नोकरी जाईल."

"मग मी निघाले बहिणीकडे." तिने खरंच ॲप्रनची गाठ सोडली.

तेव्हा तो खाली बसला आणि हलक्या आवाजात बोलू लागला. आभाळात फार उंच गेलं की हवा नसते. उघड्या माणसाचं रक्त उकळायला लागतं. म्हणून त्याच्या अंगाभोवती हवा कोंडणारा पोशाख. पण नुसती हवा भरली की तो फुग्यासारखा फुगतो, कोपर दुमडत नाही. त्याला आवळून धरायला जाळी आणि दोऱ्या.

"आणि आवळायचं काम अख्ख्या मॅसॅच्युसेट्समध्ये आपल्याइतकं कुणाला येतं? परवा हवा भरल्यावर माझा हात वर गेला, तो खालीच येईना. डॉक्टर शांतपणे लिहून घेत होते."

"म्हणजे तुला आभाळात पाठवणार?"

"छे! कुणी पायलट आहे, नेमका माझ्या मापाचा. मला बसला की त्याला बसतो."

"पाहिलंस त्याला?"

"नावसुद्धा ठाऊक नाही."

ओना त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. तिथे खोटं सापडेना. तिने मलमाची डबी आणली, त्याला पाठमोरं बसवलं. फुल्यांवरून बोट फिरवता फिरवता मध्येच थांबली.

"त्या पायलटच्या बायकोला काय सांगितलंय रे?"