टीनाच्या मापाचा कोट

"जावयासाठी इनून राहिल्या का, ताई?" विजयाबाईंनी कांताच्या मांडीवरचा मरून रंगाचा लोकरी कोट उचलला आणि खुशाल आपल्या लेकाच्या खांद्याला लावून पाहिला. खांदा नेमका बसला. सुशील बिचारा ओशाळून हसला.

बाईंची तरी काय चूक? इथं चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत काय नि बाई राहतात त्या सेक्टर दोनमध्ये काय, पोरीचं जमायला आलं की आई होणाऱ्या जावयाचा स्वेटर सुयांवर घेते. त्यात हा कोट चांगला ऐसपैस, मांडीपर्यंत लांब. पोरीसाठी कोण असा विणतो?

कांता बोलणार तोच नवऱ्यानं, शामरावांनी, डोळे वटारले. आधीची दोन स्थळं हिच्या तोंडापायी गेली, असं त्यांचं ठाम मत. लेकीला, टीनाला, एकोणतिसावं लागलेलं. "आज तू फक्त चहा दे," असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. कोटाची एक बाही जोडून झाली होती. दुसरी सुयांवर होती, तीच कांता विणत बसली.

विजयाबाई मुद्द्यावर आल्या. "पोरगी आमाले पसंत हाय. एकच म्हननं. लग्न झालं का हे इंजिनावरचं काम सोडा लागन. बाईमानूस मालगाडीवर! कोनत्या जंगलात थांबन, काय नेम? लोकं आमालेच हसतीन."

"सोडन ना!" शामराव घाईघाईनं म्हणाले. "कावून नाई सोडन?"

कांतानं लेकीकडे पाहिलं. चार वर्षं परीक्षा देऊन असिस्टंट लोको पायलट झालेली ही धिप्पाड पोर खुर्चीत एवढीशी होऊन बसली होती. कांताला नवऱ्याचा राग आला, पाहुणीचा आला, नि गप्प बसलेल्या स्वतःचा तर भलताच आला.

तेवढ्यात टीनाचा फोन वाजला. ड्यूटीचा कॉल होता. नागपूरकडची मालगाडी, संध्याकाळी सहाची.

"बाबा, तब्येत बरी नाई म्हनून सांगू?" तिनं हळूच विचारलं.

"सांग."

"काई सांगू नको!" कांता उठली. "जा, वर्दी घाल."

"कांते!"

"वरडा किती वरडाचं ते. आज मी चूप नाई बसत." तिनं विजयाबाईंच्या हातातला कोट ओढून घेतला. "ताई, हा जावयाचा नोहे. माह्या पोरीचा हाय. दर टेशनाले तिले उजव्या खिडकीतून हात बाहेर काढून झेंडी दाखवा लागते. थंडीत पार लाकूड होते हाताचं. म्हनून उजवी बाही आधी इनली, डबल लोकरीची. नोकरी सोडासाठी नाई इनली."

विजयाबाई ताडकन उठल्या, सुशीललाही दंडाला धरून उठवलं.

आतून टीना आली. निळी वर्दी, पाठीवर बॅग. ती आईसमोर पाठ करून उभी राहिली. कांतानं कोट चढवला, पुढून दोन सेफ्टी पिना लावल्या. बटणं अजून आणायचीच होती. आता टीनाचा एक हात मरून, एक निळा.

"बाप्पा!" विजयाबाई दारातच थबकल्या. "एका बाहीचा कोट घालून जाशीन का? लोकं हसतीन तुले."

टीनानं मरून बाही मनगटापर्यंत ओढली.

"हसू द्या, काकू," ती म्हणाली. "खिडकीतून हीच दिसते."