गाळलेली ओळ

महापालिकेच्या जनसंपर्क अधिकारी मृदुलाताईंनी नव्या उद्यानाच्या बातमीत गोदाक्कांचं नाव आवर्जून लिहिलं होतं. उद्यान होण्याआधी बारा वर्षं गोदाक्कांनीच घरून पाणी नेऊन तिथली झाडं जगवली होती. पण उद्यान दत्तक घेणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, "श्रेय आमच्याकडेच राहू द्या, मॅडम." मृदुलाताईंनी ती ओळ काढली.

बातमी छापून येताच गोदाक्का वर्तमानपत्र घेऊन कचेरीत आल्या. "मला वाचता येत न्हाई, ताई. तुमी लिवनार म्हनलेलं माझं नाव कुठं हाय, तेवढं दावा."

"वरून कापलं, आक्का," मृदुलाताई कशाबशा म्हणाल्या.

"जाऊ द्या. तुमी तरी काय करनार?" गोदाक्कांनी उलट त्यांचीच समजूत घातली.

वरून कुणी काहीच सांगितलं नव्हतं. अखेरची सही मृदुलाताईंचीच होती. हे कबूल करायचं धाडस होईपर्यंत गोदाक्का जिना उतरून गेल्या होत्या.