धरलेली मान

मयुराचा बारावीचा शेवटचा पेपर झाला, त्या संध्याकाळी उल्हासने बायकोला, शालिनीला, समोर बसवून सांगितलं, की साताऱ्याला तिचे वडील, नाना, गेले. जाऊन पंधरवडा झाला होता.

"तू इथे रडत बसली असतीस तर पोरीची परीक्षा बिघडली असती. तुझ्या दादालाही पटलं."

"बरं केलंस," एवढंच म्हणून शालिनी कुकर लावायला उठली. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सकाळी मात्र मान अशी धरली, की वळेचना.

दिल्लीतल्या त्यांच्या मयूर विहार वस्तीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "कुछ भारी उठाया था? कोई टेन्शन?"

"बिल्कुल नहीं," तिच्याआधी उल्हासच बोलला. "पंखे की हवा लगी है."

दुपारी मयुरा तिच्या मानेला तेल चोळायला बसली. "आई, तू एकदाही रडली नाहीस यार."

"तुझे पेपर नीट गेले, तेच पुष्कळ. मधेच तुला कळलं असतं तर कसे लिहिले असतेस?"

मयुराचा हात थांबला. मग ती हळूच म्हणाली, "मला माहीत होतं, आई. बाबांनी त्याच दिवशी सांगितलं. म्हणाले, आईला कळू देऊ नकोस, ती साताऱ्याला गेली तर घर कोण बघणार?"

शालिनीच्या मानेतून पाठीत अशी कळ गेली, की ती कळवळली.

"जोरात दाबलं का, आई?" मयुराने घाबरून विचारलं.

"हो," शालिनी म्हणाली, आणि हमसून हमसून रडू लागली.