हलकं रिव्हॉल्व्हर

शिरोळच्या दादासोंकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. ते बनवणाऱ्या कंपनीनं आता कुठलं नवं मॉडेल काढावं, यावर त्या दिवशी बंदूक-शौकिनांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चर्चा रंगली होती. कुणाला मोठ्या बोअरचं हवं होतं, कुणाला आठ गोळ्यांचं. दादासोंनी लिहिलं, 'पॉइंट टू टूच्या लहान बोअरमध्ये हलकं काढा, बायकांनाही पेलेल असं.'

मग शेजारी शेंगा सोलत बसलेल्या बायकोला त्यांनी कौतुकानं विचारलं, "चंदना, तुला कसलं पायजे गं?"

"आपलं भांडण लागलं की तुम्ही जे म्होरं घेऊन पुसत बसता," ती शांतपणे म्हणाली, "ते सोडून कुठलंबी."



बायकोवर कधी हात उगारला नाही, असं चारचौघांत अभिमानानं सांगणाऱ्या दादासोंना तिच्या नजरेला नजर देता येईना.