ताटावरून उठायचं नाही

पाण्याचा पेला हातात दिला म्हणून पाहुणीने पुन्हा ‘धन्यवाद’ म्हटलं, आणि ठिणगीचं डोकं सटकलं. सकाळपासून पाहुणीने इतके धन्यवाद वाटले होते, की गल्लीभर पुरले असते.

“घरात धन्यवाद म्हणत नाहीत,” ठिणगी म्हणाली. “दुकानात म्हणतात.”

“माफ करा.”

“ते पण नाही म्हणत.”

आजी तोंडावर हात धरून हसली. ठिणगी हे नाव तिनेच पाडलेलं. काडी न लावता पेटते म्हणून.

पाहुणी नर्स होती. इथे परदेशातच वाढलेली ती भारतात जाऊन वर्षभर एका दवाखान्यात बिनपगारी काम करणार होती आणि तिथल्याच एका मराठी कुटुंबात राहणार होती. पाठवणाऱ्या संस्थेचा नियम असा, की आधी इथे, तीच भाषा बोलणाऱ्या घरात, आठवडाभर राहून दाखवायचं. शेवटच्या दिवशी संस्थेच्या बाई जेवायला यायच्या. त्यांना पटलं तर जाणं पक्कं.

ह्या घरातून आधीच्या दोन पाहुण्या नापास होऊन गेल्या होत्या. तिसरीही गेली, तर घर बंद करू, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. ठिणगीला पाहुणीचं फारसं पडलं नव्हतं. तिला घराचं पडलं होतं.

म्हणून ती हात धुऊन पाहुणीच्या मागे लागली. बादलीत पाणी काढून तांब्याने अंघोळ कशी करायची, ओल्या बाथरूममध्ये टॉवेल कुठे टांगायचा, हे तिनेच शिकवलं. आजी दार न वाजवता खोलीत शिरायची, कपाट उघडून कपडे चाचपायची, लग्न कधी करणार म्हणून विचारायची. पाहुणी आधी दचकायची. मग तिने आजीलाच विचारलं, की तुम्ही कितव्या वर्षी केलं. आजी खूश.

वाढताना ‘नको’ म्हटलं तरी आईचा डाव थांबायचा नाही.

“नुसत्या तोंडाने नको म्हटलं तर आणखी पडतं,” ठिणगीने समजावलं. “हात आडवा धरायचा. आई, वाढ गं तिला परत. बघू जमतं का.”

आईने वाढलं. भात पाहुणीच्या मनगटावर पडला. आई म्हणाली, जमेल हळूहळू, आणि पुसायला फडकं शोधत दोन खण उघडून बसली.

पाहुणीची नजर बारीक होती. भिंतीवर ठिणगीच्या लहानपणीचा एकही फोटो कसा नाही, असं तिने एकदा विचारलं. नुकताच रंग दिलाय, ठिणगी म्हणाली. पोपडे सगळीकडे सुटले होते.

सगळं जमत आलं होतं. अडत होतं भांडणापाशी. बाबा जेवायला बसले की शाळेचा विषय काढायचे, आणि शाळा सोडून वर्ष झालेल्या ठिणगीला तेवढं पुरायचं. आवाज चढला की पाहुणीचं तोंड पांढरं पडायचं. ताट तसंच टाकून ती खोलीत जायची आणि बॅग भरायला घ्यायची. आधीच्या दोघी इथेच आपटल्या होत्या.

ठिणगी तिच्या मागोमाग गेली. “आम्ही भांडतोय म्हणजे सगळं ठीक आहे,” ती म्हणाली. “गप्प बसलो तर घाबर.”

“मग मी काय करू?”

“जेव. ताटावरून उठायचं नाही.”

शेवटच्या दिवशी बाई आल्या, जेवायला बसल्या. बाबांनी पहिला घास गिळला आणि सुरुवात केली. आज त्यांनी काही बाकी ठेवलं नाही. शेजारच्या पोरी कुठल्या कुठे गेल्या, ही मात्र भिंतीला पाठ लावून बसली आहे, असं सगळं सुनावलं. ठिणगी उलटून बोलली. बाबांनी हातातला घास ताटात टाकला.

“तुझ्यावर मी केव्हाच पाणी सोडलंय,” ते म्हणाले.

ठिणगीचे डोळे खरोखरच चुरचुरले. तेवढ्यात पाहुणीची खुर्ची मागे सरकली. ती उठली. संपलं, ठिणगीच्या मनात आलं.

पाहुणीने भाताचं पातेलं उचललं आणि बाबांच्या ताटात दणदणीत डावभर भात घातला.

“आधी जेवा,” ती म्हणाली. “मग भांडा.” ठिणगीकडे वळून तिने आईचा सूर जसाच्या तसा लावला. “आणि तू पण गिळ.”

बाईंना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्या पाहुणीला म्हणाल्या, तुझं तिकीट काढते.

संध्याकाळी पाहुणी बॅग घेऊन निघाली. ‘जाते’ म्हणाली, तर आजीने तिला ‘येते’ म्हणायला लावलं. धन्यवाद एकदाही म्हणाली नाही. टॅक्सी वळेपर्यंत सगळे गॅलरीत उभे होते.

मग बाईंनी सांगितलं, की घर चालू राहील. सोमवारी पुढची पाहुणी येईल. ठिणगी जिन्याच्या पायरीवर मटकन बसली आणि उगीचच हसत राहिली.

खाली वृद्धाश्रमाची गाडी आली होती. आजी कठड्याला धरून तिच्या शेजारून उतरली. बाबा मागून आले.

“फार लागलं का गं मघाशी?” त्यांनी ठिणगीला विचारलं. मग आईकडे वळले. “ताई, तुम्हाला स्टेशनपर्यंत सोडू का?”

“नको, आमचे हे आलेत न्यायला,” आई म्हणाली आणि चपला घालू लागली.

ठिणगी उठून तिच्या वाटेत उभी राहिली.

“सोमवारी आई तुम्हीच ना?”