पोत्यातला साबण

युरियाच्या रिकाम्या पोत्यात दुलीचंदनं पाच साबण, दोन शाम्पू, पावडरचा डबा, टूथपेस्ट आणि स्वतःची दाढीची क्रीम टाकली, पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं आणि ते आड्याला टांगून दिलं.

"सुनेले सांग," तो बायकोला म्हणाला, "आजपासून घरात साबन बंद."

सून, म्हणजे दिव्या, तीन हातांवर तांदूळ निवडत बसली होती. पण या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे, आणि सासराही सुनेशी. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. दोघांचं जे काही बोलणं असे ते शामकलामार्फत, म्हणजे सासूमार्फत होई.

"साबन बंद म्हनते," शामकला म्हणाली.

"मामाजीले विचारा, काऊन बंद?"

"काऊन म्हनते."

दुलीचंदनं मोबाइल वर धरला. परवा त्याला न्हाणीत, साबणाच्या डबीमागे, एक पांढरी पट्टी सापडली होती. दोन गुलाबी रेघांची. मेडिकलवाल्या रूपेशला त्यानं आडून विचारलं, तर पट्टी दिव्यावहिनीच घेऊन गेल्या असं कळलं. तेव्हापासून त्यानं एकवीस व्हिडिओ पाहिले होते.

"पोटातल्या लेकरावर असर होते," तो म्हणाला. "सेंट राहते त्यात, केमिकल राहते. घरात वास बी नाही पाहिजे."

"मंग आंग कायनं धुवाचं?" हे शामकलानं कुणाच्या वतीनं विचारलं नव्हतं.

"मातीनं. दात राखेनं. माह्या मायले सात लेकरं झाले, तिनं साबन पाहला बी नाही."

"सातातले तीन राहिले."

दुलीचंदनं बाविसावा व्हिडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी राखेनं दात घासले. दिव्याला काही झालं नाही. शामकला मात्र परसात जाऊन भडाभडा ओकली.

"पाहाय," दुलीचंद म्हणाला, "जिले राख सोसाची तिले सोसली. तूच नाजूक झाली."

शेजारच्या सुमित्राबाईनं बातमी कळताच चिंचांची परडी आणून दिली. ती दोन दिवसांत रिकामी झाली. दुलीचंदनं रिकामी परडी उलटी करून पाहिली आणि समाधानानं मान हलवली.

तिसऱ्या दिवशी दिव्यानं पोत्याला खालून भोक पाडलं.

त्यातून तिनं पहिला साबण काढला, चाकूनं त्याचे चार तुकडे केले आणि एक तुकडा सासूच्या हातावर ठेवला. शामकलानं तो आधी नाकाला लावला. मग ती न्हाणीत गेली ती अर्धा तास बाहेरच आली नाही.

"चंदनाचा वास येऊन राहिला," दुलीचंद अंगणातून म्हणाला.

"नागझिऱ्याकडून हवा सुटली असन," शामकला आतून म्हणाली.

नागझिऱ्याच्या अभयारण्यात त्यांचा मुलगा नीलेश गाइड होता. पर्यटकांच्या गर्दीमुळे त्याला महिनाभर घरी येता येणार नव्हतं. दिव्यानं फोनवर त्याला सगळं सांगितलं, तेव्हा त्यानं तेच तीनदा पुन्हा सांगायला लावलं; तिला वाटलं रेंजच गेली.

साबण चोरता येत होता, तोवर दिव्याची तक्रार नव्हती. पण सोमवारी दुलीचंदनं नवा हुकूम काढला.

"सुनेले सांग, दवाखाना बी नाही. तिथं फिनाईल राहते."

दिव्यानं सूप खाली ठेवलं. साबणासारखा डॉक्टर काही पोत्यातून काढता येत नाही. अडीच महिने होत आले होते. ना रक्त तपासलं होतं, ना गरोदरपणाचं कार्ड निघालं होतं.

"मामाजीले सांगा, उद्याच्या बसनं आमी अर्जुनीच्या दवाखान्यात जाऊन राहिलो. दोघी."

"सुनेले सांग, मी हो नाही म्हनलो."

"मामाजीले सांगा, मी विचारून नाही राहिली. सांगून राहिली."

शामकलानं हे शब्दशः पोचवलं. थोडं जास्तच मोठ्यानं.

सकाळच्या बसमध्ये दोघी पुढे बसल्या. मागच्या सीटवर नाकाला रुमाल बांधून दुलीचंद बसला होता. त्यानं रोखलं नव्हतं, पण डॉक्टरला व्हिडिओ दाखवायचं ठरवलं होतं.

"गाव हासन व," शामकला पुटपुटली.

"हासू द्या. गावाले कुठं नऊ महिने काढाचे आहेत?"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी व्हिडिओ अर्धाच पाहिला.

"साध्या साबणानं बाळाला काही होत नाही, काका. उलट हात साबणानंच धुवायचे. एखाद्या वस्तूची शंका आली तर पाकीट घेऊन या, मी वाचून सांगीन. तेजाब टाकून संडास धुवायचं काम मात्र तुम्ही करा. आणि दाताला राख कुणी सांगितली?"

दुलीचंद भिंतीवरच्या पोस्टरकडे बघू लागला. मग त्यानं नाकावरचा रुमाल सोडला.

"सुनेले सांग," तो हळूच म्हणाला, "साबन सुरू."

नर्स फुलवंताबाईंनी कोरं कार्ड उघडलं. "पेशंट कोण? बसा या स्टुलावर."

दुलीचंद सुनेला वाट द्यायला बाजूला सरला. दिव्यानं सासूच्या हातातली पिशवी घेतली. शामकला पुढे झाली, स्टुलावर बसली आणि तिनं हात पुढे केला.

"नाव?"

"शामकला दुलीचंद रहांगडाले," ती म्हणाली. रांगेतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू गेलं. "वय त्रेचाळीस. लिवा."

"नवरा आला का सोबत? सिकलसेलच्या तपासणीसाठी त्याचंही रक्त घ्यायचं आहे."

दुलीचंदच्या हातात व्हिडिओ अजून चालूच होता. दिव्यानं डोक्यावरचा पदर मागे सारला आणि दीड वर्षात पहिल्यांदाच थेट त्याच्याकडे पाहिलं.

"मामाजी," ती म्हणाली, "साबनानं हात धुऊन या. तुमचा नंबर आहे."