लंकाबाईंचा अनुभव

माईक लंकाबाईंच्या हातात आला आणि पारनेरच्या मंगल कार्यालयातली दीडशे माणसं गप्प झाली.

गेली दोन वर्षं दर मेळाव्यात असंच चालायचं. त्यांचे यजमान आबासाहेब आधी तासभर बोलत. थायरॉईड म्हणजे काय, हे ते डॉक्टरांपेक्षा सोपं करून सांगत. गोळी म्हणजे जन्माची गुलामी, आपली पावडर म्हणजे मुळावरच घाव. मग पुरावा म्हणून बायकोला उभं करत. ही बाई सुजून गेली होती, भर उन्हाळ्यात गोधडी घेऊन बसायची, आता बघा! लंकाबाई "लई फरक पडला" एवढंच म्हणत आणि खाली बसत. डबे खपत. आबासाहेबांना यात काही खोटं वाटत नव्हतं. रोज दोन वेळा ते स्वतःच्या हातानं पावडर पाण्यात कालवून त्यांच्या हाती ग्लास देत.

"सांगा मंडळींना," आबासाहेब म्हणाले.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक पोरगी उठली. पाचवा महिना असावा.

"मावशी, मी आरती. मेळाव्यातला तुमचा व्हिडिओ बघून मी महिन्याखाली गोळी बंद केली. आता अंग सुजलंय, दिवसभर झोप येती. डॉक्टर म्हनले, बाळाच्या मेंदूला धोका हाय. पन तुमाला गुन आला म्हनल्यावर मला बी येईल ना?"

आजवर कितीतरी बाया येऊन लंकाबाईंच्या पाया पडून गेल्या होत्या. पोटावर हात ठेवून कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. ते हसून मान डोलवत होते.

"न्हाई येनार," लंकाबाई म्हणाल्या. "मला बी पावडरीनं आला न्हाई. मी सरकारी दवाखान्यातली गोळी घेते. रोज पहाटे, उपाशीपोटी, ह्यांच्या चोरून. तू आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं चल. मी येते संगं."

"आन् मी रोज देतो ती पावडर?" आबासाहेबांचा आवाज चिरकला.

"म्हशीच्या पेंडीत वतते."

लंकाबाईंनी माईक खुर्चीवर ठेवला, व्यासपीठावरून खाली उतरल्या आणि आरतीचा हात धरून दाराबाहेर पडल्या. त्यांच्या मागोमाग चार-पाच बाया उठल्या. बाकीचे हातातल्या डब्यांकडं बघत राहिले. आबासाहेबांना वाटलं, जमीन दुभंगावी.

मागच्या रांगेतून एक फेटेवाले म्हातारे उभे राहिले.

"मंग म्हशीचं दूध वाढलं का हो?"

आबासाहेबांनी माईक उचलला. घसा साफ केला.

"दीड लिटरनं," ते म्हणाले.